पाचवा निकाल आणि दीड वर्षापूर्वीचे पेढे

पत्र 28 वर्षांच्या एका वाचकाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गाव यंत्रमागाचं. वडील एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी. जन्मभर दुसऱ्याची खाती लिहिली, मुलाने सीए व्हावं ही एकच इच्छा. मुलगा बी.कॉम. झाला, सीए इंटर झाला, पुण्यात आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) केली आणि त्याच फर्ममध्ये पेड असिस्टंट म्हणून राहिला. फायनलचे पेपर दोन ग्रुपांत विभागलेले असतात. त्याने पाच अटेम्प्ट दिले, दर वेळी दोन्ही ग्रुप एकत्र. एकही निघाला नाही. तिसऱ्या निकालाच्या दिवशी घरून फोन आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "दुसरा ग्रुप निघाला." वडिलांनी पेढीवर पेढे वाटले. त्याला दीड वर्ष झालं. आता स्थळ आलंय, दोन्हीकडून पसंती आहे, बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि बायोडाटात लिहिलंय, 'सीए फायनल, एक ग्रुप उत्तीर्ण'. पाचवा निकाल गेल्या आठवड्यात लागला. वाचक लिहितो, "सगळे म्हणतात अपयश ही यशाची पहिली पायरी. मी पाच पायऱ्या चढलोय ताई, वर काहीच दिसत नाही. अपयश स्वीकारायला शिका म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं? सध्या असं ठरवलंय की आणखी एक अटेम्प्ट देतो, निघालं की घरी सगळं खरं सांगतो. बरोबर आहे ना?"

ताई म्हटलंस, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत आहे. नाही, बरोबर नाही. घरी सांगणं पुढच्या निकालावर ढकलू नकोस. का, ते पुढे येईलच. पण बैठक तोंडावर आहे आणि हे सगळं तू कदाचित घाईत वाचशील, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता त्या पायरीबद्दल. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं ते वाक्य मलाही फारसं पटत नाही. अपयशाने माणूस आपोआप शहाणा होत असता, तर पाच वेळा अडलेला सहाव्यांदा हमखास सुटला असता. शिवाय हे वाक्य म्हणणारा बहुधा वर पोचलेला असतो. सत्कार झाला, खांद्यावर शाल पडली, की जुने नापास निकालही गोड वाटू लागतात. जे वर पोचले नाहीत, मधूनच दुसऱ्या रस्त्याने निघून गेले आणि बरे जगताहेत, त्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही.

अशा वेळी तुकोबांचं उदाहरण ठरलेलं असतं. दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने पीडा केली ते बरं झालं, असं ते एका अभंगात देवाला सांगतात, आणि कीर्तनात ते ऐकून माना डोलतात. पण स्वतःची हकिकत सांगणारा त्यांचाच दुसरा अभंग आहे. त्यात व्यवसायात तूट आल्यावर जिवाला लाज वाटली, असंही त्यांनी आडपडदा न ठेवता म्हटलंय. त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. 'बरं झालं' हे ज्याचं त्याने म्हणायचं, तेही म्हणावंसं वाटलं तर. तुझ्या पाच निकालांबद्दल मी ते म्हणणार नाही आणि तूही आत्ता ओढून-ताणून म्हणू नकोस. लाज वाटतेय तर वाटू दे.

मग स्वीकारायचं म्हणजे काय करायचं?

तुझं पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. पेढ्यांवर तू दोन परिच्छेद लिहिले आहेस. आत्या काय म्हणाली, शेजारच्या काकांनी फोनवर कसं छेडलं, आर्टिकलशिपमधली तुझी मैत्रीण आता सीए झाली आणि तू तयार केलेल्या टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टवर सही कशी करते, हे सगळं सविस्तर आहे. मार्क मात्र अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, एका ओळीत. अपयश तू सोसलंस पुष्कळ. त्याच्याकडे नीट पाहिलंस का, याची मला शंका आहे.

तर पाहू. पहिला ग्रुप: एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) 41, एएफएम (वित्त व्यवस्थापन) 46, ऑडिट 52, बेरीज 139. दुसरा: डीटी (प्रत्यक्ष कर, म्हणजे मुख्यतः इन्कम टॅक्स) 38, आयडीटी (अप्रत्यक्ष कर, म्हणजे मुख्यतः जीएसटी) 55, आयबीएस (सगळे विषय एकत्र करणारा पेपर) 49, बेरीज 142. ज्या वाचकांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येक पेपरात किमान 40 लागतात आणि वर ग्रुपच्या बेरजेत निम्मे, म्हणजे 300 पैकी 150. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर 600 पैकी 300 झाले तरी चालतात, एका ग्रुपमधले जास्तीचे मार्क दुसऱ्याला उपयोगी पडतात. म्हणजे पहिल्या ग्रुपमध्ये हा मुलगा तिन्ही पेपरांत पास आहे आणि ग्रुपमध्ये नापास. "सगळ्यात पास, तर नापास कसा?" हे घरच्यांना समजावता समजावता किती जण रडकुंडीला येतात, ते मला अशा पत्रांवरून माहीत आहे.

मी सीए नाही. पण ओळखीतल्या एक सीए बाई बरीच वर्षं फायनलच्या मुलांना शिकवतात, तुझं नाव-गाव काढून हे आकडे त्यांना दाखवले. पहिली गोष्ट त्या म्हणाल्या ती अशी, "यात साठ कुठेच नाहीत." एखाद्या विषयात 60 पडले की ग्रुप गेला तरी पुढच्या तीन अटेम्प्टना त्या विषयातून सूट मिळते. पाच निकालांत तुला एकदाही ती मिळालेली नाही. सगळे विषय चाळीस-पंचावन्नच्या पट्ट्यात घुटमळतात. नोकरी सांभाळून सहाच्या सहा पेपर देणाऱ्यांचं हे नेहमीचं चित्र आहे म्हणे. सगळं एकदा वाचून होतं, दुसऱ्यांदा नीट काहीच होत नाही.

मग त्यांनी विचारलं, "हा दिवसभर इन्कम टॅक्सचंच काम करतो ना? मग डीटीत 38 कसे?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं. ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले की काम पुढे सरकतं आणि काही चुकलं तर वरचं कुणीतरी बघतं. पेपरात आधी तरतूद लिहायची, ती प्रश्नातल्या माणसाला लावून दाखवायची आणि मग निष्कर्ष काढायचा. रोजचंच काम आहे म्हणून डीटीला गृहीत धरणारी मुलं नेमकी तिथे मार्क घालवतात. तुझंही तसंच झालंय का, हे त्या छातीठोकपणे सांगू शकत नाहीत, मीही नाही. तुझी उत्तरपत्रिका सांगू शकेल. इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मिळते. पाच निकालांत ती तू कधी मागवल्याचं पत्रात दिसत नाही. का नाही मागवलीस, ते मला कळतं. स्वतःच्या अक्षरातली चूक परीक्षकाच्या खुणेसकट बघायला कुणाला आवडेल? पण तू जे 'नेमकं काय करायचं' विचारलंस ना, त्यातलं पहिलं हेच.

प्रत आली की ती एकट्याने बघू नकोस. त्या सही करणाऱ्या मैत्रिणीलाच दाखव. तिच्या टेबलापाशी जायला नको वाटतं, असं तू लिहिलंयस. पण तुझ्याच फर्ममध्ये, तुझंच काम करून, तीच परीक्षा ती देऊन बसली आहे. एवढी जवळची शिकवणी तुला दुसरीकडे पैसे मोजूनही मिळणार नाही. आणि हा निकाल एका माणसासमोर मोठ्याने बोलून झाला, की दुसऱ्यासमोर बोलणं थोडं सोपं जाईल.

एक आकडा तुझ्या मनाच्या समाधानासाठी देते. नोव्हेंबर 2023 मध्ये फायनलचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी 9.42 टक्के पास झाले, मे 2024 मध्ये 19.88 टक्के. मधल्या सहा महिन्यांत मुलं दुपटीने हुशार झाली नव्हती. अभ्यासक्रम नवा आला होता, आठांचे सहा पेपर झाले होते. तेव्हा निकालाच्या कागदावरून आपली अक्कल किती हे ठरवू नकोस. पण या आकड्यांच्या आडही लपू नकोस. दहातले आठ-नऊ नापास होतात हे खरं असलं, तरी डीटीतले 38 तुझे आहेत.

आता घरी का सांगायचं, त्याकडे वळते. दर वेळी दोन्ही ग्रुप का देतोस, याचं कारण तू दिलंयस, 'एकदमच संपवायचं म्हणून'. पहिल्या तीन अटेम्प्टना ते खरं असेल. बेरजेत एक ग्रुप दुसऱ्याला सावरतो, तेव्हा त्या डावात तथ्यही आहे. पण पुढचे दोन? जरा हिशेब मांड. घरच्यांच्या लेखी तुझा दुसरा ग्रुप कधीच निघालाय, राहिलाय फक्त पहिला. उद्या खरोखर दुसरा निघाला, तर तू घरी काय सांगणार? त्याचा आनंदही करता येणार नाही. एकट्या पहिल्यावर जोर दिलास आणि तो निघाला, तर घरी तू 'सीए' झालास आणि प्रत्यक्षात तीन पेपर बाकी. म्हणजे दोन्ही एकदम निघण्याखेरीज तुझ्या गोष्टीला शेवटच नाही. शिवाय तीनच पेपर उरले असताना चार महिने बिनपगारी रजा कशाला, असं वडील विचारतील, म्हणून रजाही नाही. तुझा अभ्यास कसा करायचा, किती करायचा, कोणते पेपर द्यायचे, हे दीड वर्ष ते एक वाक्य ठरवतंय. पुढचा अटेम्प्टही तेच ठरवेल.

आयकराचा एक नियम तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. धंद्यातला तोटा पुढची 8 वर्षं ओढता येतो, नफ्यातून वजा करून घेता येतो, पण कधी? ज्या वर्षी झाला त्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरून तो दाखवला असेल तर. लपवलेल्या तोट्याचा पुढे काही फायदा मिळत नाही. तुझं तेच झालंय. तिसरा निकाल तू दाखवलाच नाहीस, म्हणून तो कुठे उपयोगीही पडला नाही. त्यावर कुणी रागावलं नाही, कुणी सल्ला दिला नाही, 'एकच ग्रुप दे' असं म्हणायची कुणाला संधीच मिळाली नाही.

सांगायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण 'मोकळेपणाने बोला' एवढं म्हणून सल्ला देणारे मोकळे होतात आणि बोलणाऱ्याच्या घशाला कोरड पडते ती पडतेच.

फोनवर नको. गावी जा. पेढीवर नको, आत्या घरी असताना नको. आईला आधी सांगायचा आणि तिने वडिलांना सांगावं असा मोह होईल. आपल्याकडे निम्म्या घरांत वाईट बातमी आईमार्फतच पोचते. पण मग ती चार दिवस तुझं गुपित पोटात घेऊन स्वयंपाक करणार आणि शेवटी 'तुला माहीत होतं?' हे तीच ऐकणार. दोघांना एकत्र बसव. पाल्हाळ न लावता पहिल्याच वाक्यात सांग. "अण्णा, दीड वर्षापूर्वी ग्रुप निघाला म्हणालो ते खोटं होतं. एकही ग्रुप निघालेला नाही, याही वेळी नाही." (अण्णा म्हणतोस की पप्पा, ते तू बघ.) त्याला लगेच 'पण पुढच्या वेळी नक्की' असं शेपूट जोडू नकोस. ते वचन पाळणं तुझ्या हातात नाही, आणि ते दिलंस की पुढच्या निकालाला पुन्हा तुझी जीभ अडखळेल.

वडील चिडतील. कदाचित ताटावरून उठतील, दोन दिवस बोलणार नाहीत. लगेच समजूत काढायला जाऊ नकोस. त्यांचा राग नापास होण्यावर कमी आणि पेढीवर मालकासमोर तोंड गोड केलं त्यावर जास्त असेल, आणि तो रास्त आहे. ते निवळले की दीड वर्ष काय करत होतास, क्लासचे पैसे कुठे गेले, असं विचारतील. तेव्हा मार्कांचा कागद पुढे ठेव. सहा विषय, दोन बेरजा. ज्या माणसाने जन्मभर खतावणीत डोकं घातलंय, त्याला 139 आणि 150 मधलं अंतर माझ्यासारख्या कुणाहीपेक्षा लवकर उमगेल. ते समजून घेतीलच, अशी खात्री मी देत नाही. मी त्यांना ओळखत नाही. पण दीड वर्ष ते ज्या मुलाचं कौतुक करताहेत तो मुलगा तू नव्हेस, हे तुला आत कुठेतरी टोचतंय. त्यांचा राग निदान तुझ्या वाट्याला येईल, त्या दुसऱ्याच्या नाही.

गावाचं म्हणशील तर गाव बोलेल. पंधरा दिवस बोलेल. मग सुताचे दर आहेत, निवडणुका आहेत, कुणाच्या घरची भांडणं आहेत.

हे वाचणाऱ्या आईवडिलांनाही जाता जाता एक सांगते. मूल खोटं बोललं की 'विश्वास तोडलास' असं म्हणायला आपण तयारच असतो. निकालाच्या सकाळी मिठाईवाल्याला आधी सांगून ठेवून मग मुलाला फोन लावणारी घरं मी पाहिली आहेत. तिकडून 'नाही' यायला जागा ठेवली होती का, एवढं विचारून बघा.

लग्नाबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. बायोडाटातली ती ओळ आजच काढायची. परीक्षेत नापास होऊन तू कुणाचं काही घेतलेलं नाहीस. इथे घेशील. एक मुलगी त्या ओळीच्या भरवशावर आयुष्याचा निर्णय घेते आहे. आधी घरी सांग, म्हणजे वडिलांना ते व्याह्यांच्या तोंडून कळायला नको, आणि मग बैठकीच्या आधी तिच्याशी स्वतः बोल. मध्यस्थामार्फत नाही. तिच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस, 'मुलगी बँकेत आहे, समजूतदार वाटली'. असेल समजूतदार, तर तिला कळू तर दे. स्थळ मोडलं तर वाईट वाटेल, चारचौघांत नामुष्की होईल. लग्नानंतर सहा महिन्यांनी तिला एखाद्या भावजयीकडून कळलं, तर जे होईल त्यापुढे ही नामुष्की काहीच नाही.

पुढचा अटेम्प्ट द्यायचा की नाही? लोकांना वाटतं, अपयश स्वीकारलं म्हणजे माणूस थांबला, आणि नाही स्वीकारलं म्हणजे जिद्दीचा. तुझ्या बाबतीत उलटंच दिसतंय. न स्वीकारता तू पुढे जात राहिलास आणि त्याच जागी राहिलास. पाचवा निकाल नीट वाचून झाल्यावर पुन्हा फॉर्म भरलास तर उत्तम, आणि तो वाचून झाल्यावर 'बस झालं' म्हणालास तरी उत्तम. फायनल वर्षातून एकाहून जास्त वेळा होते. ही सोय आहे, तसाच सापळाही आहे. विचार करायला उसंत न घेता माणूस एकामागून एक फॉर्म भरत जातो.

माझा कल विचारशील तर, घरी सांगून झाल्यावर एकदा फक्त दुसरा ग्रुप द्यावास, असं वाटतं. डीटीत दोन आणि बेरजेत आठ, एवढंच अंतर आहे आणि आयडीटीत साठाच्या जवळ आहेस. निघालेला ग्रुप पुन्हा द्यावा लागत नाही. रजा मिळत असेल तर घे, आता कारण लपवायला नको. मात्र फॉर्म भरण्याआधी एका कागदावर लिहून ठेव, काय झालं तर पुढे जायचं आणि काय झालं तर थांबायचं. डीटी 50 च्या वर गेला नाही तर, किंवा ग्रुप निघाला नाही तर, जी काय तुझी अट असेल ती. तो कागद मैत्रिणीकडे ठेवायला दे. हे आताच करायचं, कारण निकालाच्या रात्री माणूस एक तर सगळं सोडायला निघतो, नाहीतर डोळे मिटून पुढचा फॉर्म भरतो.

आणि थांबायचं ठरलं तर काय, तेही बघून ठेव. तुझं इंटर पुसलं जात नाही, आर्टिकलशिपचं काम पुसलं जात नाही. कंपन्यांच्या अकाउंट्स आणि इंटर्नल ऑडिटच्या खात्यांत इंटर झालेली, काम येणारी माणसं लागतात. बी.कॉम.च्या पदवीवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. ऑडिटवर सही करता येणार नाही, पण विवरणपत्रं भरून देण्याचं काम स्वतःच्या नावावर करता येतं. सीएमएचा, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट होण्याचा, रस्ता आहे. पत्रात सीए का व्हायचंय याचं कारण एकच आहे, वडिलांची इच्छा. पण मध्येच एका ठिकाणी तू लिहून गेलायस की जीएसटीच्या नोटिशींना उत्तरं लिहिताना रात्र कधी होते कळत नाही. तुझे सगळ्यात जास्त मार्कही आयडीटीतलेच आहेत. यावरून लगेच काही ठरवू नकोस, पण ते वाक्य तुझंच आहे, मी तुला परत वाचून दाखवतेय.

याच आठवड्यात आणखी दोन पत्रं आली आहेत. एक, खानावळ बंद पडून वर्ष झालं तरी नातेवाइकांना 'रंगकाम चाललंय' म्हणणाऱ्या बाईंचं. दुसरं, स्पर्धा परीक्षेच्या मुख्य परीक्षेत अडकलेल्या आणि गावी 'मुलाखत बाकी आहे' सांगून ठेवलेल्या मुलाचं. त्यांना वेगळं उत्तर देत नाही. खानावळीची वही काढून भाजी, गॅस, भाडं, उधारी यात पैसा नेमका कुठे गेला ते लिहून काढणं म्हणजेच त्यांची उत्तरपत्रिका. आणि ज्या खोट्यामुळे पुढचं पाऊल चुकीचं पडतंय, ते आधी मिटवायचं. बाकीच्या लहानसहान थापा गावाला मारल्या असतील तर त्या सगळ्या धुऊन काढायची गरज नाही. शेजारच्या काकांना तुमच्या मार्कांचा हिशेब देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप येत नाही आणि जेवण जात नाही, असं तू लिहिलंयस. हे निकालानंतरच्या चार दिवसांचं असेल तर ठीक आहे. पंधरवड्यानंतरही असंच राहिलं, किंवा आपण नसलेलेच बरे असा विचार एकदाही मनात आला, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. विचार आला तर पंधरवडा थांबू नकोस, लगेच लाव.

या शनिवारी गावी जा. बायोडाटा दुरुस्त करून सोबत घे आणि मार्कांचा कागद छापून घे, मोबाइलच्या पडद्यावर वडिलांना तो नीट दिसायचा नाही. मुलीशी बोलणं त्यानंतर, पण बैठकीच्या निदान आठवडाभर आधी. उत्तरपत्रिकेच्या प्रतीचा अर्ज मात्र निघण्यापूर्वीच ऑनलाइन भर. त्याला निकालापासून महिनाभराचीच मुदत असते आणि त्यातला आठवडा गेलाय. डीटीची प्रत आधी मागव, जमलं तर एफआरचीही.